कुत्र्याच्या छत्रीची बाजू

लाकडाची कुत्र्याची छत्री करणे हा गुन्हा आहे, असे कलम जुन्या दंड संहितेत नव्हते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी जी न्याय संहिता आली तिच्यातही ते नाही, असे आमच्या आळीतले वकीलसाहेब सांगतात. तरीसुद्धा शेवगावात रोज संध्याकाळी माझ्यावर खटला चालतो. न्यायालय म्हणजे आमचा ओटा, फिर्यादी म्हणजे येणारा-जाणारा, आणि आरोप कायमचा एकच : "गुरुजी, ह्याचा उपयोग काय?"

तेव्हा एकदा रीतसर बाजू मांडून टाकतो.

आरोपीचा उद्योग असा. गावात जुना वाडा उतरवला की तिथून तुळईचा एखादा तुकडा, मोडक्या चौकटीचा पाय, बैलगाडीच्या चाकातला बाभळीचा तुंबा असं काहीबाही मी पिशवीत घालून घरी आणतो. आधी त्यावर लोहचुंबक फिरवायचं, कारण जुन्या लाकडात एखादा खिळा असा दडून बसलेला असतो, की पटाशीची धार गेल्यावरच तो ओळख देतो. मग वाकसानं तासून ओबडधोबड आकार काढायचा, दांडा मोकळा करायचा, टोपी गोल करायची आणि टोपीच्या खालच्या अंगाला बारीक बारीक पडदे कोरायचे. खरी परीक्षा ह्या पडद्यांची. टोपी काय कुणीही करील. पण पडदे कोरताना लाकडाची रेघ ओळखता आली नाही, की ढलपा उडतो आणि दोन दिवसांची मेहनत चुलीच्या दिशेने बघू लागते. शेवटी काचकागद आणि जवसाच्या तेलाचा हात. सागाच्या भुशाने शिंका येतात, बाभूळ मनगटं भरून आणते. पण हे दोन्ही आजार डॉक्टरकडे न जाता बरे होतात. घरात आजमितीला अशा एकेचाळीस छत्र्या आहेत. हिचं म्हणणं एवढंच, की पावसात धरायची छत्री मात्र एकच आहे आणि तिचीही तार मोडलेली आहे.

आता फिर्यादी पक्षाकडे वळू. त्यात तीन तट आहेत.

पहिला तट उपयोगवाद्यांचा. ह्यांच्या घरी एकदा जाऊन यावं. काचेच्या कपाटात सहा कपांचा सेट असतो, त्यातून आजवर कुणी चहा प्यालेलं नसतं. प्लॅस्टिकच्या गुलाबावर महिन्यातून एकदा पाणी मारतात, ते धूळ जावी म्हणून. सोफा असतो, त्यावर घरच्या पोरांना बसायची बंदी. हे लोक मला उपयोग विचारणार! अहो, ज्या सुतारानं वाड्याच्या दारावर गणेशपट्टी कोरली, खांबाच्या डोक्याशी कमळ उमलवलं, त्याला धन्यानं "उपयोग काय?" असं विचारलं होतं का? कमळ नसतं तरी खांबानं माळवद धरलंच असतं. आपल्या घोटणच्या मल्लिकार्जुनाच्या देवळात कुणी दगडाला छिन्नी लावली नसती, म्हणून देव काही दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवणार नव्हता. सावंतवाडीला पिढ्यान् पिढ्या लाकडाची फळं करतात. तिथला आंबा चावता येत नाही म्हणून कुणी परत केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मग छत्रीनंच काय घोडं मारलंय?

दुसरा तट सुधारकांचा. हे जास्त धोकादायक, कारण हे प्रेमानं बोलतात. "काका, करताच आहात तर लाल रंग द्या, वर पांढरे ठिपके मारा. खपतील बघा!" आता ही लाल टोपीची ठिपकेवाली बाई मूळची थंड मुलखातली. युरोपातल्या रानात बर्च आणि पाइनच्या मुळांशी उगवते, विषारी असते आणि परीकथांच्या चित्रांत बसून जगभर हिंडते. आपल्याकडे ती सिमेंटमधून अवतरली. कुठल्याही तालुक्याच्या बागेत जा, एक तरी लाल छत्री उभी असते. ठिपके उडालेले, कडेचा पोपडा निघालेला, आतली सळई जगाकडे बघते आहे. आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. पाऊस येतो तोही उसने फेडायला आल्यासारखा, दारातून परत जाणारा. त्यातूनही एखादी चांगली सर झाली, की उकिरड्याच्या कडेला, बांधावर जी उगवते ती मळकट पांढरी, बारक्या मानेची आणि दोन दिवसांत मान टाकणारी. गोव्यात वारुळावर उगवणाऱ्या अळम्यांची लोक वर्षभर वाट बघतात; आमच्याकडे तिच्या नावाला कुत्रं जोडून दिलं. मला हीच करायची आहे. आपल्या मातीतलं एवढंसं काही आपल्याच लाकडात धरून ठेवावं, तर त्याला परदेशी टोपी कशाला घालायची?

तिसरा तट जळणवाल्यांचा, आणि माझं खरं भांडण ह्यांच्याशी आहे. "एवढं वाळकं लाकूड! बंबात घाला की, आंघोळीपुरतं पाणी तापेल." वाडे पडू नयेत असं मी म्हणत नाही. आठ वारस, चार दावे आणि गळकं माळवद असल्यावर वाडा पडणारच. त्यातल्या माणसांनाही संडास-नळाचं घर पाहिजे. पण वाडा पडल्यावर शे-सव्वाशे वर्षांचा साग वजनावर जातो, कोरलेली पट्टी करवतीखाली उभी चिरली जाते, आणि उरलेलं धुरात जातं, तेव्हा पोटात तुटतं. जायकवाडीचं पाणी चढलं (धरणाचं उद्घाटन १९७६ सालचं), तेव्हा आपल्या तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावांना उठावं लागलं. भिंती पाण्याला दिल्या. पण तुळया-चौकटी ज्यांना जमल्या त्यांनी बरोबर आणल्या. लाकूड टाकायचं नसतं, हे त्यांना कुठल्या शिबिरात शिकवलं नव्हतं.

आणि नुसतं लाकूडच जात नाही, हातही जातो. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा. बलुतेदारीचा सगळा पसारा त्यात मांडला आहे. सुतार त्यात पहिल्या ओळीचा मानकरी, कारण नांगर, कुळव, पाभर, गाडी, सगळा संसार लाकडी. पुढे लोखंडी नांगर आला, मग ट्रॅक्टर आला, मग प्लायवूड आलं. बलुतं गेलं त्याचं मला दुःख नाही. खळ्यावर उभं राहून हक्काचं धान्य मागावं लागणं आणि बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात पडणं ह्यात गोडवा वाटतो तो पुस्तकात वाचणाऱ्याला. पण माणसाची सुटका करताना त्याचं कसबही भंगारात का घालावं? आमच्या आळीतले सुतारकाका हल्ली ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतात. मी एकदा तुळईचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी धरला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "गुरुजी, ह्या वाड्याचं काम आमच्या आज्यानं केलतं. जरा राहू द्या माझ्याकं, पोराला दाखवतो." पोराचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं तो तुकडा काउंटरवर ठेवलाय, अजून परत दिलेला नाही. मीही मागत नाही.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. स्वीडनमध्ये एकोणिसाव्या शतकातच ऑटो सालोमन शिक्षकांना सुतारकाम शिकवीत होता, मुलांच्या हाताला शहाणपण यावं म्हणून. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. तो आमच्या शाळांत आलाही. मुलं आइस्क्रीमच्या काड्यांची फुलदाणी आणू लागली. पुढेपुढे ती फुलदाणी स्टेशनरीच्या दुकानात तयारच मिळू लागली आणि कार्यानुभवाचे सगळे गुण दुकानदाराने मिळवले.

माझी मागणी फार नाही. गावात वाडा उतरला, की त्यातले चार ओंडके शाळेला मिळावेत, आणि आठवड्यातून दोन तास गावच्याच एखाद्या सुताराला मानधन देऊन मुलांपुढे बसवावं. मुलांनी छत्रीच करावी असा आग्रह नाही. भोवरा करा, उलथनं करा. पण पटाशी कुठल्या बाजूने लावायची हे पुस्तकातून कळत नाही. ते ज्याला कळतं तो माणूस अजून आपल्यात आहे, आणि त्याचं वय वाढतं आहे.

आता छत्रीच का, ह्याचंही उत्तर देतो. जमिनीवर दिसते ती छत्री म्हणजे बुरशीचं नुसतं फळ. खरी बुरशी आत धाग्याधाग्यांनी पसरलेली असते. पडलेलं लाकूड ती सावकाश खाते, त्याची माती करते, आणि त्या मातीत पुन्हा झाड येतं. तिचं हे काम मोठं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लाकडाची माती करण्याचा अधिकार मी तिला देतो, बंबाला देत नाही. तिच्या वाट्याचा एखादा तुकडा मी मधल्यामध्ये काढून घेतो, म्हणून त्याला तिचंच रूप देतो. उसनं घेतलं तर नाव देणाऱ्याचं लावावं, ही आपली साधी रीत.

तेव्हा फिर्यादींनी ओट्यावर जरूर यावं, चहा घ्यावा, उपयोग विचारावा. फक्त तुमच्या गल्लीत वाडा उतरायला लागला, तर जळणवाल्याच्या आधी मला निरोप धाडा. पिशवी मी घेऊन येईन.