पान टाकू नये

आमच्या आईचा एक कडक नियम होता : पानात काही टाकायचं नाही. कारल्याची भाजी असो नाहीतर करपलेली पोळी, निमूटपणे संपवायची. या संस्कारांमुळे असेल, पण अख्खं पानच टाकून देणारी मंडळी मी यवतमाळ जिल्ह्यात पाहिली, तेव्हा माझा तोल गेला.

हे पान केळीचं नव्हे, दगडातलं. वणीजवळच्या एका खुल्या कोळसा खाणीत माझा भाचा नोकरीला आहे. रीतसर परवानगी काढून, कानावर घसरणारं हेल्मेट सावरत मी त्याच्याबरोबर मातीच्या ढिगाऱ्याशी उभा होतो. पायाशी करड्या दगडाची एक कपची दिसली. उचलली, तर तिच्यावर पान! आंब्याच्या पानासारखं लांबट, मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना बारीक जाळी. शाळेत असताना आपण वहीत पिंपळपान ठेवायचो ना, अगदी तसं.

"काय भाऊ, गोटे येचून राहिले काय?" डंपरवाल्यानं विचारलं.

मी पान दाखवलं.

"हे होय? असे तं लय निंगतात इथं. सारे भरावात जातात."

भरावात! अहो, हे ग्लॉसोप्टेरिसचं पान. 1828 साली ब्राँनियार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्याचं बारसं केलं. नावातला 'ग्लॉसा' म्हणजे ग्रीकमध्ये जीभ. वय 25 कोटी वर्षांहून जास्त, म्हणजे डायनासोरसुद्धा याच्यापुढे कालची पोरं. अशाच झाडांच्या दलदलीतून आपला कोळसा झाला. गंमत अशी, की कोळशात पानाचा आकार सहसा उरत नाही. तो टिकतो कोळशाच्या थरांमधल्या बारीक मातीच्या दगडात. त्या दगडाला बाजारात भाव नाही. म्हणून कोळसा वाघिणीत आणि पान उकिरड्यावर!

1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती उपासमारीनं नि थंडीनं मेले. तरी घसरगाडीवरचे सुमारे 16 किलो दगड त्यांनी शेवटपर्यंत टाकले नव्हते. त्यांत याच ग्लॉसोप्टेरिसची पानं निघाली. अंटार्क्टिका आणि आपला वऱ्हाड एकेकाळी एकाच भूखंडावर नांदत होते, याचा हा पुरावा. त्या भूखंडाचं नाव गोंडवाना, तेही आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं. मरणारी माणसं जे टाकत नाहीत, ते आम्ही पोटभर जेवून डंपरनं टाकतो.

यावर शहाणी माणसं विचारतात, "मग काय, कोळसा काढायचा सोडून पानं वेचत बसायचं?" नाही हो! कोळसा काढा. त्याच्याच विजेवर माझा पंखा फिरतो. माझं मागणं एवढंच, की महिन्यातून एक दिवस खाणीतल्या भूवैज्ञानिकाला एक खोका आणि दोन मदतनीस द्या. चांगली पानं कागदात गुंडाळा, वर खाण, थर आणि तारीख लिहा. काही लखनौला बिरबल साहनींनी 1946 साली काढलेल्या संस्थेकडे पाठवा, काही वणीत एका काचेच्या कपाटात ठेवा. गावचं पान गावच्या पोरांना दिसू द्या. तीनशे वर्षांपूर्वीच्या तलवारीपुढे आपण हात जोडतो. 25 कोटी वर्षांच्या पानाला एक खिळा नि एक फळी जड झाली?

आता माझा स्वतःचा पराक्रम सांगतो. ते पान मी परवानगीनं घरी आणलं, हौसेनं व्हार्निश फासलं आणि दिवाणखान्यात मांडलं. महिन्याभरात त्याचे पापुद्रे सुटले. ओळखीचे एक प्राध्यापक आले. त्यांनी विचारलं, "कुठल्या थरातलं?"

"ढिगाऱ्यावरचं," मी म्हणालो.

"म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट," ते म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

डंपरवाल्यानं पान भरावात टाकलं असतं. मी ते दिवाणखान्यात टाकलं, इतकाच फरक. आज आई असती तर दोघांनाही पाटावरून उठू दिलं नसतं.