अस्थिग्रामची रात्र आणि मुलांची भीती

शाळांमधून भरणाऱ्या पुस्तक-प्रदर्शनांत एक दृश्य हमखास दिसते. थोरांची चरित्रे आणि सुविचारांचे संग्रह मांडलेल्या टेबलापाशी पालक उभे असतात. मुलांची दाटी मात्र जेथे मुखपृष्ठांवर पडके वाडे, चमकणारे डोळे आणि अर्धवट उघडी दारे असतात, तेथे असते. आर. एल. स्टाईन या अमेरिकन लेखकाची ‘गूजबम्प्स’ ही माला त्यांतील सर्वांत परिचित. १९९२ साली ती सुरू झाली, मूळ मालेची ६२ पुस्तके निघाली आणि जगभर तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

असे पुस्तक नातवाच्या हाती दिसले की जैन घरांतील आजी-आजोबांच्या कपाळाला आठी पडते. मूल रात्री दचकून उठेल ही एक चिंता. भूतखेत आणि हिंसा यांनी संस्कार बिघडतील ही दुसरी. ही आठी काही फक्त येथलीच नव्हे. खुद्द अमेरिकेत नव्वदीच्या दशकात ही पुस्तके शाळांच्या ग्रंथालयांतून काढून टाकावीत, अशा तक्रारी अनेक पालकांनी केल्या होत्या.

परंतु या पुस्तकांची घडण पाहिली तर मुलांच्या ओढीचे कारण उमगू लागते. नायक बहुधा बारा वर्षांचा साधा मुलगा किंवा मुलगी. घर नवे, तळघर बंद, आणि मोठी माणसे मुलाच्या सांगण्यावर विश्वास न ठेवणारी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काळजाचा ठोका चुकतो. पान उलटावे तर ती धाकट्या भावंडाची थट्टा निघते. आणि सुटकेचा श्वास सोडावा तोच खरे संकट दारात उभे राहते. रक्तपात जवळजवळ नसतोच, विनोद भरपूर असतो. जत्रेतील उंच पाळण्यात बसलेल्या मुलाच्या पोटात गोळा येतो, पण पाळणा खाली येणार हे त्याला ठाऊक असते. पुस्तक तर त्याहून सोयीचे; ते केव्हाही मिटता येते. शिवाय मोठ्यांना जे दिसत नाही ते लहानाला दिसते आणि अखेरीस त्याचेच म्हणणे खरे ठरते, हा मान मुलांना एरवी घरात फारसा मिळत नाही.

‘कोरलाइन’ या २००२ सालच्या गाजलेल्या बालकादंबरीत डोळ्यांच्या जागी बटणे शिवलेली एक ‘दुसरी आई’ येते. तिचे लेखक नील गेमन यांचा अनुभव असा, की ही गोष्ट मुले साहसकथा म्हणून वाचतात आणि मोठी माणसे दुःस्वप्न म्हणून. मोठ्यांना संकटातले मूल दिसते. मुलाला मात्र आपण स्वतः संकटाला तोंड देताना दिसतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानकाला रसाची पदवी दिली, ती उगीच नव्हे. मराठी घरांतही हे काही परके नाही. ‘चांदोबा’ मासिकात खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणाऱ्या विक्रमाचे चित्र दर महिन्याला येत असे, आणि आज नातवंडांना दटावणाऱ्या पिढीने लहानपणी त्या पानाची वाट पाहिलेली आहे.

जैन परंपरेच्या भांडारात तर याहून गडद कथा आहेत. बाल वर्धमान सवंगड्यांसह खेळत असता सर्पाचे रूप घेऊन आलेला देव दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांना ठाऊक आहे. मात्र रहस्यकथेच्या सर्व कसोट्यांना उतरणारी कथा श्वेतांबर परंपरेतील शूलपाणी यक्षाची.

धनदेव नावाचा व्यापारी पाचशे गाड्या घेऊन वेगवती नदीपाशी आला. चिखलात गाड्या रुतल्या. त्याच्या एका बलदंड बैलाने एकेक करून साऱ्या गाड्या पार नेल्या आणि तो कोसळला. पुढे जाणे भाग असल्याने व्यापाऱ्याने गावकऱ्यांच्या हाती पैसे दिले, बैलाच्या चारापाण्याची सोय लावली आणि तो निघून गेला. गावकऱ्यांनी पैसे ठेवून घेतले. बैलाला ना गवताची काडी मिळाली, ना पाण्याचा थेंब. चारा आणि पाणी घेऊन जाणारी माणसे त्याच्या डोळ्यांदेखत ये-जा करीत राहिली. तो तडफडून मेला आणि शूलपाणी नावाचा यक्ष झाला. मग गावात महामारी आली. प्रेते उचलायला माणसे उरली नाहीत, हाडांचे ढीग साचले आणि गावाचे नावच अस्थिग्राम पडले. भयभीत लोकांनी त्या हाडांवरच यक्षाचे देऊळ बांधले. तेथील पुजारी दिवस मावळताच निघून जाई, कारण रात्री तेथे राहिलेला माणूस सकाळी जिवंत सापडत नसे.

त्या देवळात महावीर मुक्कामाला राहिले. गावकऱ्यांनी दुसरी जागा देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. कोपऱ्यात कायोत्सर्गात उभे असता अंधारातून प्रथम एक प्रचंड हास्य आले. ते गावापर्यंत ऐकू गेले आणि लोकांनी मनोमन त्या श्रमणाची आशा सोडली. मग हत्ती आला, पिशाच आला, नाग आला. शेवटी मस्तकापासून नखांपर्यंत असह्य वेदना आल्या. उभा असलेला देह हलला नाही. थकला तो यक्ष.

मुलांना ही कथा सांगताना बहुधा ‘यक्षाने उपसर्ग केले, भगवान अविचल राहिले’ एवढ्या एका वाक्यात ती रात्र उरकली जाते. देऊळ गेले, हाडे गेली, हास्य गेले. मग अविचल राहिले ते कशापुढे, हे मुलाला कसे कळावे? भगवंतांचा पहिला वर्षावास अस्थिग्रामात झाला, अशी नोंद पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्रात आहे. ती ऐकणाऱ्या मुलाला त्या गावाच्या नावाचा अर्थ ठाऊक असला, तर ते श्रवण काही वेगळेच होईल.

कर्मग्रंथांत भयाची गणना नऊ नोकषायांत होते. ज्याचा क्षय करावयाचा त्याची गोडी कशाला लावावी, हा प्रश्न रास्त आहे. पण ज्याला भय ठाऊकच नाही त्याला अभय म्हणजे काय, हेही ठाऊक नसते. अर्थात सारेच भयप्रद साहित्य एका मापाने मोजता येत नाही. मोबाईलच्या पडद्यावर अचानक किंचाळणारा चेहरा दचकवतो आणि संपतो. त्यामागे ना कारण, ना कथा. चार वर्षांच्या बालकाला शूलपाणी सांगू नये, आणि दहा वर्षांचेही एखादे मूल हळवे असते. त्याच्यासाठी दिवा चालू ठेवावा, अथवा गोष्ट सकाळी सांगावी. चांगली भयकथा मुलाला पुढे खेचते ती ‘आता काय होईल’ या प्रश्नाने जितकी, तितकीच ‘येथे पूर्वी काय घडले होते’ या प्रश्नाने. अस्थिग्रामच्या भुताच्या मुळाशी एक अपहार आहे. विश्वासाने सोपविलेली रक्कम ज्या कामासाठी होती त्या कामी लागली नाही, इतकी साधी बाब. पेढीवर वाढलेल्या मुलाला ती दोनदा समजावून सांगावी लागत नाही. यक्ष शांत झाला, पहाट झाली, गावकरी घाबरत देवळात आले आणि महावीरांना जसेच्या तसे उभे पाहून थक्क झाले, येथे सांगणारा थांबतो. असे मूल थांबत नाही. धनदेवाच्या त्या पैशांचे पुढे काय झाले, असे ते विचारते.