मुक्काम जंगलात की मेडशीत?

काटेपूर्णा अभयारण्य हे जमिनीवरचे बेट आहे. अकोला व वाशिम जिल्ह्यांच्या सीमेवरचे हे सुमारे ७४ चौरस किलोमीटरचे पानगळीचे जंगल १९८८ साली अभयारण्य झाले. भोवती सोयाबीन, तूर आणि कपाशीची शेते. एका बाजूला महानच्या धरणाचा जलाशय. तिथे जाणाऱ्याला मुक्कामाबद्दल ठरीव सल्ला मिळतो तो असा : जितके आत तितके बरे, आणि पाण्याकाठी खोली मिळाली तर सोन्याहून पिवळे. हा सल्ला टाकाऊ आहे. मुक्काम बाहेरच्या गावात करावा. अकोला-वाशिम महामार्गावरचे मेडशी त्याला योग्य आहे.

आत राहिल्याने प्राणी जास्त दिसतात, हा पहिला दावा. या जंगलाची ओळख असलेला चौसिंगा मुळात बुजरा, एकटा-दुकटा हिंडणारा. त्याला पाण्यापासून फार लांब राहता येत नाही. लेंड्या टाकायला तो पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, त्यामुळे लेंड्यांचा ताजा ढीग सापडला की वावर कुठे आहे ते माहीतगाराला सकाळी पायवाटेवरच उमगते; त्यासाठी रात्री आत झोपावे लागत नाही. एप्रिल-मेमध्ये झाडे निष्पर्ण होतात. मग आडोसा उरत नाही आणि एका दिव्याचा उजेड, एका जनरेटरची घरघर दूरवर पोचते. नेमक्या त्याच दिवसांत पाणवठे आटतात. म्हणजे उरलेल्या पाण्यावर माणसाने रात्र काढली की जनावराचा हक्काचा घोट गेला. पाहायला आलेल्याच्या मुक्कामाने पाहायचेच प्राणी दूर जातात, एवढे साधे गणित आहे.

दुसरा दावा कायद्याच्या आधाराने केला जातो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या २७ व्या कलमाने अभयारण्यात शिरण्यावर व राहण्यावर निर्बंध आहेत, पण २८ व्या कलमाखाली पर्यटनासाठी परवाना मिळू शकतो. मग गैर काय? परवाना मिळणे म्हणजे शहाणपणाचा दाखला नव्हे. शिवाय मूळ नियम निर्बंधाचा आहे, परवाना अपवाद आहे.

‘बेटावर जायचे तर बेटावरच राहायचे,’ असे म्हणणाऱ्यांनी गालापागोसकडे पाहावे. तिथल्या जमिनीपैकी सुमारे ९७ टक्के भाग राष्ट्रीय उद्यान आहे; पर्यटक पोर्तो आयोरासारख्या वस्तीत किंवा बोटीवर रात्र काढतात. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ साली मांडलेला बेटांचा सिद्धांत सांगतो की बेट जितके लहान आणि एकाकी, तितक्या कमी जाती त्यावर टिकतात. काटेपूर्णासारख्या तुकड्यात माणसाने आणखी कोपरे अडवणे म्हणजे तो तुकडा अधिक लहान करणे.

बाजूचा मुद्दा पैशाचा, आणि तोच सर्वांत वजनदार. रोही आणि रानडुकरे रात्री तूर-सोयाबीनवर उतरतात. शेतकरी मचाणावर जागल करतो. जंगलाची झळ सोसणारे हे लोक असताना पर्यटनाचा रुपया आतल्या खोल्यांवर खर्च होणे हा न्याय नव्हे. मेडशीसारख्या गावात पाहुणा राहिला तर भाकरी, वाटाड्या, गाडी यांचा पैसा गावातच फिरतो. २००९ पर्यंत विधानसभा मतदारसंघाला नाव देणारे हे गाव निनावी वाडी नाही. रस्ता आहे, बाजार आहे.

‘बाहेर राहिल्याने पहाट हुकते,’ ही हरकत मात्र रास्त आहे. तिचे उत्तर लवकर निघणे, आणि वाटाड्या आदल्या संध्याकाळी ठरवणे. मुक्कामाची जागा निवडताना यजमानाला दोनच प्रश्न विचारावेत : कचरा कुठे जातो, आणि रात्री जनावरे दाखवण्याचा वायदा आहे का? वायदा असेल तर दुसरे घर बघावे.

अपवाद हिवाळ्याचा. स्थलांतरित पाणपक्षी उघड्या जलाशयावर दिवसाउजेडी दिसतात, म्हणून केवळ त्यांच्यासाठी येणाऱ्याने महानच्या बाजूने, अकोल्यात राहिले तर त्याला मेडशी गाठण्याचे कारण नाही.