आशांची बैठक: आकडे पुरेत, आता अडलेले बोला

आशांची मासिक बैठक बंद करा, आकडे मोबाईलवर मागवा, असे कुणी म्हटले की चार माना लगेच डोलतात. बैठकीची आजची तऱ्हा पाहिली तर त्या डोलण्यात नवल नाही. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात आडस, विडा, नांदूरघाट, युसूफवडगाव अशा गावांभोवतीच्या वाड्यावस्त्यांवरून बाया मिळेल त्या वाहनाने येतात. गरोदर माता किती, डोस चुकलेली लेकरे किती, क्षयाचे संशयित किती, याची बेरीज होते. बेरीज कमी भरलेल्या दोघीतिघींना चारचौघींत बोलणी बसतात. चहा होतो, सह्या होतात, गाडी चुकायला नको म्हणून सगळ्या उठतात. एवढ्यासाठीच बैठक असेल तर ती खुशाल बंद करावी. बेरीज मोबाईललाही येते.

पण आशाताई म्हणजे नुसती बेरीज पुरवणारी बाई, हे कुणी ठरवले? राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 साली सुरू झाले, त्यात साधारण हजार लोकसंख्येमागे एक अशी गावातलीच बाई नेमली गेली, ती घरोघरी बोलण्यासाठी. तिचे खरे काम उंबऱ्याच्या आत चालते आणि तिथे ती एकटी असते.

समजा, सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई तिला सांगते, ‘अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरलीय. डॉक्टर म्हणले, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ नवऱ्याने मुकादमाची उचल घेतलेली आहे. दसरा झाला की ऊसतोडीची टोळी साखर कारखान्यावर निघणार. फडात एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जाणार, आणि तेही नवराबायको मिळून जो एक ‘कोयता’ धरतात त्याच्या हिशेबातून. सासू म्हणते, ‘पोरं झालीत दोन, आता पिशवी ठेवून करायचंय काय?’ आशाताईला पुस्तकातले उत्तर पाठ आहे: सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, बहुतेक वेळा औषधाने बरे होते. ती ते सांगते. नवरा विचारतो, ‘खाड्याचे पैसे तू देणार का?’ या प्रश्नाचे उत्तर कुठल्या प्रशिक्षण पुस्तिकेत आहे?

याच जिल्ह्याची गोष्ट आहे, म्हणून उदाहरण हेच घेतले. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या आधी हे कुणालाच दिसले नव्हते? एकेका गावात एकेका आशाताईला अशा चार-पाच जणी दिसतच असणार. पण एका गावातल्या चार बाया म्हणजे चार घरांचे दुखणे. तसल्याच पंचवीस गावांच्या पंचवीस बायका गोल बसून ‘माझ्याकडेही’, ‘माझ्याकडेही’ म्हणू लागल्या, तर त्याच दुपारी ते जिल्ह्याचे दुखणे होते. आकड्यांच्या तक्त्यात हे आले नाही, कारण तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता.

यावर शहाणे लोक म्हणतात, मग वैद्यकीय अधिकाऱ्याने एकेकीला बोलावून मार्गदर्शन करावे, घोळका कशाला? एक तर प्राथमिक आरोग्य केंद्रामागे तीस हजार लोकसंख्या धरलेली असते. डॉक्टरने रुग्ण तपासावेत की हे? पण वेळेपेक्षा मोठी अडचण दुसरी आहे. डॉक्टरला औषध माहीत असते. त्या सासूसमोर पाय दुमडून बसलेली असते ती शेजारच्या गावची आशाताई. ‘मी नवऱ्याशी बोललेच नाही, आधी मुकादमाच्या बायकोला गाठलं’ ही युक्ती तिच्याकडेच सापडायची. शिवाय डॉक्टरसमोर एकटी बसलेली बाई तोंडी परीक्षेसारखी उत्तरे देते. अडले कुठे, ते सांगत नाही.

आणि असे गटात बसून अडलेले बोलणे हे काही कमी शिकलेल्यांचे खूळ नव्हे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये 1950 च्या दशकात मायकेल बालिंट हे मूळचे हंगेरीचे मनोविश्लेषक साध्या फॅमिली डॉक्टरांना असेच गटाने बसवत. एकाने कागद न बघता आपला एक रुग्ण सांगायचा, बाकीच्यांनी त्या डॉक्टरचे आणि रुग्णाचे नेमके कुठे बिनसले ते शोधायचे. पुण्यामुंबईत कंपन्यांच्या साहेबांना सल्ला देणारे व्यावसायिक कोचही (केजमध्ये कोचिंग म्हटले की नीटचा क्लासच डोळ्यांपुढे येतो, ते सोडा) स्वतःचे पैसे मोजून अशा गटांत बसतात आणि त्याला सुपरव्हिजन म्हणतात. वातानुकूलित खोलीत सल्ला देणाऱ्याला जे लागते, ते पत्र्याच्या घरात सल्ला देणारीला लागत नाही, असे मानणे हा निव्वळ उद्धटपणा आहे.

‘पण या बायका एकमेकींना काय शिकवणार?’ असे विचारणाऱ्यांनी जामखेडला जाऊन यावे. बीडच्या शिवेलाच ते आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 साली तिथे काम उभे केले आणि 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामाचा कणा गावोगावच्या आरोग्यसेविका होत्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. शिबिर घेऊन, प्रमाणपत्र देऊन आरोळ्यांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. त्या नेमाने केंद्रावर जमत, आठवड्यात गावात काय घडले ते सांगत, एकमेकींकडून शिकत. तिथले यश औषधांच्या खात्यावर मांडणाऱ्यांना ही बैठक दिसतच नाही.

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. गटात बोलले की गुपित फुटते. केजसारख्या तालुक्यात नाव गाळले तरी ‘दोन पोरींची, माहेर अमुक गावचं’ एवढ्यावर बाई ओळखू येते, आणि गेलेली अब्रू परत येत नाही. म्हणून नियम कडक हवेत: नाव नाही, गाव नाही, जात नाही, नातेगोते नाही. एकाच गावच्या किंवा सोयरिकीतल्या दोघी असतील तर ती गोष्ट त्या गटात निघणारच नाही. एवढे करूनही धोका उरतो, हे मान्य. पण मन मोकळे करायला जागाच नसली, तर तीच गोष्ट बाई बाहेर कुणाजवळ तरी बोलतेच, आणि तिथे नियम नसतो.

अधिकाऱ्यासमोर कुणी खरे बोलणार नाही, असेही म्हणतात. अगदी बरोबर आहे, म्हणून अधिकाऱ्याने त्या वेळी उठून जावे. वीस-पंचवीस आशांमागे एक गटप्रवर्तक असते. तीही कायम नोकरीतली नाही, मोबदल्यावरच राबते. गट चालवायला तीच योग्य, फक्त तिच्या हातातली तपासणीची यादी तेवढा वेळ खाली ठेवायला लावा. आणि गट कसा चालवायचा, हे तिला शिकवा. आज आपण तिला फक्त फॉर्म तपासायला शिकवतो.

खर्चाचे रडगाणे तर ऐकूच नये. आशांच्या ठरावीक मोबदल्यात मासिक बैठकीच्या हजेरीचे पैसे आधीच धरलेले आहेत. जागा आहे, दिवस आहे, बाया आलेल्या आहेत. बदलायची आहे ती फक्त कामाची वाटणी: आकडे आदल्या दिवशी मोबाईलवर घ्या आणि बैठकीचा निम्मा वेळ अडलेल्या एका गोष्टीला द्या.

केजच्या तालुका आरोग्य कार्यालयाला त्यासाठी कुठल्या समितीची किंवा नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. निदान त्याआधीची एक बैठक तरी अशी घेऊन पाहा.