कारखान्याचा पासवर्ड बदला

जुलै २०१३ मध्ये मध्य प्रदेशातील एका वाघाच्या गळ्यातील जीपीएस पट्ट्याची माहिती ज्या ईमेल खात्यावर येत होती, ते उघडण्याचा प्रयत्न पुण्यातून झाला. तो फसला. पण जंगलात पाऊल न टाकता वाघाचा माग काढता येतो, हे तेव्हाच दिसले. राज्यात सर्वाधिक वाघ असलेल्या चंद्रपूरला हे विसरून चालणार नाही.

ट्रॅप कॅमेऱ्यांचे फोटो, वनहक्काचे दावे, तेंदूपत्ता मजुरांची बँक खाती, सफारीचे बुकिंग हे सारे आता सर्व्हरवर असते. ठेकेदार सर्व्हर बसवतो, संकेतस्थळ सुरू झाले की बिल काढतो आणि जातो. मागे राहतात ती कारखान्यातून आलेली मूळ सेटिंग्ज: सर्वांना ठाऊक असलेला ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड, कोणालाही उघडता येणारे व्यवस्थापनाचे पान, सॉफ्टवेअरची आवृत्ती जाहीर सांगणारा संदेश. फोल्डरची यादी दाखवण्याची सोय बंद केली नसेल, तर पत्ता टाकताच आतल्या फाइली ओळीने दिसतात. त्यात आधार कार्डांच्या प्रती असल्या, तर त्या चोरायला हॅकरही लागत नाही. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्डविना इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो ‘मोंगोडीबी’ डेटाबेस पुसून जगभर खंडण्या मागितल्या गेल्या.

आडवळणाच्या जिल्ह्यांकडे कोण फिरकणार, या समजात अर्थ नाही. असे सर्व्हर शोधणारी यंत्रे गावे पाहत नाहीत, उघडे पत्ते पाहतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या ग्राहकांचे सुमारे ३ कोटी ७० लाख रुपये आरटीजीएसच्या वाटेने परस्पर वळवले गेले, तेव्हाच हा समज गळून पडायला हवा होता.

वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण शेजारच्या गडचिरोलीतील एटापल्ली-भामरागडच्या आदिवासी कुटुंबाची कागदपत्रे एकदा बाहेर गेली, की दंडाने ती परत येत नाहीत. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून घरगुती स्मार्ट उपकरणांत सहज ओळखता येणाऱ्या सामाईक पासवर्डवर बंदी घातली. आपल्याकडे निविदेतच अट हवी: सगळे बंद ठेवून सुरुवात, लागेल तेवढेच उघडायचे आणि त्रयस्थ तपासणी झाल्याशिवाय अखेरचे बिल नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आणि वनविभागाने आधी चालू सर्व्हरची तपासणी करावी. पासवर्ड बदलण्यासाठी मुंबईहून निधी येण्याची वाट पाहावी लागत नाही.