नोटीस फोटोत नको, मजकुरात द्या!

मंडळी, आपल्या अक्कलकोटच्या बाजारात मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही चालतात. दुकानदार गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. सरकारी वेबसाइटला मात्र हे अजून जमत नाही.

'मराठी'चं बटण दाबून बघा. वरचा मेनू मराठी होतो, खालची सूचना इंग्रजीच राहते. नाहीतर वाचत होतात ते पान सोडून थेट पहिल्या पानावर फेकले जाता. काही ठिकाणी तर मशीनचं भाषांतर, म्हणजे 'अर्ज करा'च्या जागी 'लागू करा'. आता काय लागू करायचं, मलम?

आणि खरी कामाची नोटीस? ती स्कॅन केलेली पीडीएफ. म्हणजे कागदाचा फोटो. शोधून सापडत नाही, दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. ओळखीच्या एका मावशींना हरकतीची मुदत कळली ती संपल्यावर. विचारायला गेलो तर उत्तर काय, 'वेबसाइटवर टाकली होती की!' कागदोपत्री प्रसिद्ध, माणसांसाठी गायब.

यावर कुणी ॲप सुचवतं, कुणी चॅटबॉट. अहो, कशाला? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे दोन हजार चिन्हांची नोटीस जेमतेम ६ केबी. रेंजची एक कांडी असली तरी उघडेल.

करायचं ते साधं आहे. प्रत्येक भाषेचं वेगळं पान, वेगळा पत्ता. भाषेचं नाव तिच्याच लिपीत, कन्नडवाल्याला 'कन्नड' हा शब्द कन्नडमध्येच दिसू दे. पानाच्या कोडमध्ये भाषा कोणती ते नोंदवा, म्हणजे स्क्रीन रीडर उच्चार नीट करेल. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यालाही कोडमध्ये एक छोटी सूचना पुरते. विकिपीडियावर हे वर्षानुवर्षं चालू आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, प्रत्येक भाषेचा पत्ता वेगळा आणि त्याच लेखावरून दुसऱ्या भाषेतल्या लेखावर जाता येतं.

'एवढं भाषांतर करणार कोण?' हा प्रश्न रास्त आहे. पण सगळं करूच नका. तारीख, रक्कम, कागदपत्रं, कुठं जायचं, एवढं आधी करा. मशीनची मदत जरूर घ्या, पण टाकण्याआधी भाषा येणाऱ्या माणसाने एकदा वाचावं. आणि मराठीचं तर भाषांतर कसलं? १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने ती राज्याची राजभाषा आहे. मूळ मजकूरच मराठीत हवा. ते उपकार नव्हेत.

पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: साहेब, नोटीस मजकूर म्हणून टाकता की फोटो म्हणून? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.