कुरळ्या केसांच्या मुळाशी



किन्हीराजा हे माझे माहेर. मालेगाव तालुक्यातल्या या गावी माझ्या भावाचे भुसार मालाचे दुकान आहे. सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याच्या पोत्यांत आमचे सारे बालपण गेले. घरात गाय असे, दाराशी गावातली दोन-चार कुत्री भाकरीच्या वेळी न चुकता येत. पण कुत्रा घरात वाढवावा, त्याचे केस विंचरावेत, ही कल्पना त्या ओट्याने कधी पाहिली नव्हती. यंदा अक्षय्यतृतीयेच्या सुमारास पुण्याहून भाचा आला आणि परदेशी नोकरीवर जाण्यापूर्वी आपला आठ महिन्यांचा पूडल आजीच्या स्वाधीन करून गेला. पांढराशुभ्र, अंगभर दाट कुरळे केस. कापसाच्या मुलखात त्याचे नाव दुसरे काय पडणार? पहिल्याच दिवशी गल्लीतल्या मुलांनी त्याला ‘कापूस’ म्हणायला आरंभ केला.

क्षमापनेच्या निमित्ताने भाद्रपदात मी माहेरी गेले, तेव्हा कापूस उठून दाराशी आला नाही. चातुर्मासाची धामधूम, पर्युषणातील उपवास, मंदिरातील कार्यक्रम यांत घरातल्या कोणालाच उसंत नव्हती. “आम्ही रोज ब्रश फिरवतो हो ताई,” वहिनी म्हणाली, आणि ते खरेही होते. वरून केस मऊ, फुललेले दिसत. मात्र उजव्या कानामागे बोट घातले तेव्हा ते कातडीपर्यंत पोहोचेना. तेथे घोंगडीच्या तुकड्यासारखा घट्ट थर जमला होता आणि त्याखालून दुर्गंधी येत होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी मशीनने तो थर काढला. खाली जखम होती आणि जखमेत अळ्या. डॉक्टर चिमट्याने एकेक अळी काढीत होते. ज्या घरात पावसाळ्यात भाजीचे पान न् पान उजेडात धरून पाहिले जाते, त्या घरातली माणसे माना वळवून उभी राहिली. आईने त्या दिवशी अन्न घेतले नाही. एवढेच म्हणाली, “आपण याला पोळी चारत होतो, अंगावर काय चालले आहे, ते कुणी पाहिलेच नाही.”

त्या दिवसापासून या विषयाचा मी नीट अभ्यास केला. आपल्या समाजात नागपूर, पुणे, मुंबईकडील मुलांच्या घरांतून पूडल, बिशॉन आणि त्यांच्या संकराची पिल्ले आता सर्रास दिसतात, आणि मुले परदेशी गेली की ती आजी-आजोबांकडे येतात. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गावातल्या कुत्र्याचे केस ठराविक लांबीपर्यंत वाढतात, गळतात आणि वाऱ्यावर उडून जातात. पूडलचे केस मात्र आपल्या डोक्यावरील केसांप्रमाणे दीर्घकाळ वाढतच राहतात. ते गळतात, पण खाली पडत नाहीत. शेजारच्या वळ्यात अडकून बसतात. म्हणूनच ‘याचे केस गळत नाहीत, घर स्वच्छ राहते’ असे विक्रेते सांगतात. घर स्वच्छ राहते हे खरे, परंतु तो कचरा कुत्र्याच्या अंगावरच साठतो. केसांचा हा प्रकार जन्मजात असतो. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की कुत्र्यांच्या केसांतील बहुतेक विविधता अवघ्या तीन जनुकांच्या फरकांतून उद्भवते. त्यांपैकी एक जनुक केस कुरळे करतो. मूळचा हा कुत्रा पाण्यात पडलेली शिकार काढून आणणारा. थंड पाण्यात छाती आणि सांधे उबदार राहावेत म्हणून तेथील केस ठेवून बाकीचे कातरण्याची रीत पडली. आज प्रदर्शनांत दिसणारे ते चमत्कारिक गोंडे म्हणजे त्याच रीतीचा अवशेष. वाशीम जिल्ह्याच्या उन्हाळ्यात त्यांचे काय प्रयोजन?

आणखी एक गोष्ट भाच्यालाही ठाऊक नव्हती. नऊ महिन्यांपासून सुमारे दीड वर्षापर्यंत पिल्लाचे मऊ केस जाऊन प्रौढ केस येतात. या संधिकाळात गुंता सर्वाधिक होतो. कापूस नेमका त्याच वयात, नेमका पावसाळ्यात, नेमका व्रतांच्या दिवसांत आमच्या घरी होता.

आता विंचरण्याविषयी. ब्रश वरवर फिरवणे हीच मुख्य चूक. कुत्र्याला आडवे निजवून, डाव्या हाताने केस वर धरून भांग पाडावा, कातडीची रेघ दिसली पाहिजे. तेथून एकेक पदर खाली सोडत तारेचा ब्रश हलक्या हाताने चालवावा आणि मग रुंद दात्यांची स्टीलची फणी मुळापासून टोकापर्यंत न्यावी. फणी कोठेही अडली नाही तरच काम झाले असे समजावे. कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि गळपट्ट्याखाली गुंता आधी होतो. (गळपट्टा रात्री काढून ठेवावा. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत पहिला बंधच आहे.) एक दिवसाआड पंधरा मिनिटे पुरतात. गुंता सापडल्यास बोटांनी फोडावा, त्यावर थोडे मक्याचे पीठ भुरभुरावे आणि टोकाकडून मुळाकडे सोडवत यावे. मुळाशी केस चिमटीत धरले म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. कात्रीने गाठ कापण्याचा मोह टाळावा. गाठीबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि तीच कापली जाते. आमच्या दादाने एकदा धनगराकडून कातरून घेण्याचा विचार मांडला होता. धनगराचा हात खरोखर सराईत असतो, परंतु मेंढीची लोकर आणि पूडलच्या काखेतील कागदासारखी कातडी यांत अंतर आहे.

स्नानापूर्वी विंचरणे अनिवार्य. कापडाच्या व्यापाऱ्यांना हे सांगायला नको. लोकरीचा कपडा पाण्यात चोळला की आटतो, घट्ट होतो. कुत्र्याच्या अंगावरील गुंत्याचेही तेच होते. तीन-चार आठवड्यांतून एक स्नान पुरे. आपला शाम्पू वापरू नये, माणसाच्या आणि कुत्र्याच्या त्वचेची आम्लता भिन्न असते. तेलही चोपडू नये; भुसाराच्या दुकानात तेल लावलेला कुत्रा म्हणजे सायंकाळपर्यंत कुटाराचा गोळा. मुळापर्यंत कोरडे करणे मात्र अत्यंत महत्त्वाचे, कारण कुरळ्या केसांत ओल दडून राहते आणि तीतूनच खाज, बुरशी व जखमा उद्भवतात. सहा-सात आठवड्यांनी मशीनने कातरून सर्वत्र अर्धा इंच केस ठेवणे हा आपल्या हवामानास सर्वांत योग्य मार्ग. अगदी तुळतुळीत करू नये, ऊन थेट कातडीस भाजते. पॉमेरेनियन किंवा जर्मन शेफर्डसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यांना मात्र हा नियम लावू नका. त्यांचे केस कातरू नयेत.

गोचिडांचा प्रश्न आपल्या घरांत सर्वांत नाजूक. “औषध घालू नका, जीव मरतील” असे वडीलधारी म्हणतात. त्यांची भावना मला समजते. तथापि गोचिडाची एक मादी हजारो अंडी घालते, आणि ती कुत्र्यावर नव्हे तर भिंतींच्या फटींत, ओट्याच्या सांध्यांत. प्रश्न टाळला म्हणजे हिंसा टळत नाही, वाढून पुढे येते. शिवाय गोचीड कुत्र्याला प्राणघातक ताप देऊ शकतो. फटी बुजवणे, अंथरूण उन्हात ठेवणे, रोज हात फिरवून पाहणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रादुर्भावापूर्वीच प्रतिबंध करणे, हाच मला यत्नाचार वाटतो. धान्याला कीड लागू नये म्हणून आपण पावसाळ्यापूर्वीच दक्ष होतो ना? शेतातील फवारणीचे औषध मात्र कुत्र्याच्या अंगावर कदापि टाकू नये.

आहाराचा केसांशी निकट संबंध आहे. कांदा-लसूण कुत्र्यास विषवत, ते आपल्या स्वयंपाकघरात नसतात हे त्याचे भाग्यच. पण मनुका आणि द्राक्षेही तितकीच घातक आहेत, आणि सुक्या मेव्याची वाटी तर आपल्याकडे प्रत्येक पाहुण्यापुढे येते. शाकाहारी आहार द्यायचा असेल तर केवळ पोळी-वरणावर भागत नाही; प्रथिने व स्निग्धांश पुरेसे मिळावेत यासाठी पशुवैद्यकाकडून आहार ठरवून घ्यावा. वऱ्हाडातील वाचकांसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे.

कापसाचे रूप पाहून एका परिचिताने दादाला सुचवले, की जोडी लावा, पिल्लांना चांगला भाव येतो. दादा व्यापारी माणूस, क्षणभर थांबला. आई आतूनच म्हणाली, “पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य कशाला म्हणतात ते आधी विचारून या.” विषय तेथेच संपला. पूडलच्या पिल्लांची शेपूट छाटण्याची जुनी प्रथाही अशीच. कापसाची शेपूट आमच्याकडे येण्याआधीच छाटलेली होती. दुसऱ्या अतिचारापाठोपाठ येणारा छेद तो हाच. पिल्लू आणण्यापूर्वी हा प्रश्न अवश्य विचारा.

कानामागची जखम दिवाळीपूर्वी भरली. आता रविवार, बुधवार, शुक्रवार दुकान बंद झाल्यावर वहिनी ओट्यावर बसते, आई दिवा धरते. कार्तिकात मी पुन्हा गेले तेव्हा कापूस आपणहून आडवा होऊन पाय वर करीत होता. त्या दिवशी पुढच्या पंजाच्या बोटांमध्ये, केसांच्या पुंजक्यात, माळावरचे एक कुसळ सापडले. टोक आत शिरू लागले होते. आईने चष्मा पुसला, दिवा जवळ घेतला आणि ते वहिनीने अलगद काढले.